महिन्याचा विषय मिळतो, कविता मिळत नाही. तुम्ही काय वाचता?

जुनी_वही

आमचा सहा जणांचा लहानसा गट आहे. दर एक तारखेला कुणीतरी एक विषय देतं आणि महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने त्यावर एक कविता आणायची. बक्षीस नाही, शिक्षा नाही. पहिलं वर्ष मजेत गेलं. आता मात्र विषय कळला की पोटात गोळा येतो.

गेल्या चार महिन्यांचे विषय होते पाऊस, आई, प्रवास आणि खिडकी. पावसाच्या महिन्यात सहाही कविता शेजारी शेजारी ठेवल्या तर लक्षात आलं, की कुणाचीही ओळ उचलून कुणाच्याही कवितेत नेऊन ठेवली असती तरी ओळखू आली नसती. सहाही कवितांत मातीचा वास. चारांत कुणीतरी निघून गेलेलं. माझीही त्या चारांतलीच होती.

'खिडकी'च्या वेळी चोवीस तारखेपर्यंत वही कोरी होती. सवयीप्रमाणे कवितासंग्रह काढून बसले. प्रत्येक पानावर वाटत राहिलं की हे यांनी लिहून झालंय, आता माझ्यासाठी काय उरलं? वैतागून तो बाजूला ठेवला आणि समोर पडलेलं सुतारकामाचं एक पुस्तक चाळायला घेतलं. त्यात खिडकीचं वर्णन होतं, पण 'खिडकी' हा शब्द फारसा नव्हताच. चौकट होती, झडप होती, तावदान, गज, कडी, कोयंडा, बिजागरी. 'बिजागरी'पाशी थांबले आणि दहा मिनिटांत हे उतरलं:

खिडकी उघडताना
बिजागरी कुरकुरते,
जणू म्हणते –
उघडणं आणि मिटणं
या दोन्हींचा भार
माझ्या एकटीवरच का?

कविता कशी आहे ते सांगाच. पण मला खरं विचारायचंय ते वेगळं. विषय मिळाल्यावर तुम्ही काय वाचता? त्याच विषयावरच्या कविता, की भलतंच काही? की वाचतच नाही?

---

खोडरबर

मी विषय मिळाल्यावर आठवडाभर काहीच लिहीत नाही. मनात आलेल्या पहिल्या तीन कल्पना एका कागदावर लिहायच्या आणि तो कागद फाडायचा. त्या तीन सगळ्यांनाच सुचतात. चौथीपासून आपलं घर सुरू होतं.

कधीकधी चौथी येतच नाही, हेही खरं. मग मी त्या महिन्याला आजारी पडतो.

---

वाकडी_मान

मुळात हे विषय देऊन लिहायचं प्रकरण मला पटत नाही. महिन्याला विषय वाटून कविता मागवायच्या म्हणजे निबंधाच्या वहीत कडवी पाडायची. अशा कवितेला गृहपाठाचा वास येतो आणि तो लगेच कळतो. शीर्षकात विषय, पहिल्या ओळीत विषय, शेवटच्या ओळीत पुन्हा विषय, परीक्षकाला दिसलं नाही तर काय घ्या म्हणून.

तुमच्या कवितेबद्दल: वस्तूला बोलायला लावायचं, तिच्याकडून तक्रार करवायची आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून वाचकाला हळवं करायचं, हे दुकान फार जुनं आहे. कपाटही असंच बोलतं, पायरीही असंच बोलते, छत्रीसुद्धा. शब्द सुतारकामाच्या पुस्तकातून आणलात, पण सूर पावसाच्या कवितेतलाच राहिला.

---

जुनी_वही

लागलं. पण 'सूर पावसाचाच राहिला' हे बरोबर आहे. विचार करते.

---

समासातला_पक्षी

वाकडी_मान, गृहपाठाच्या वासाबद्दल सहमत, पण दिलेल्या विषयावर लिहिणं हे काही आजचं खूळ नाही. आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच की. त्यात विषय देत नसत, श्लोकाचा शेवटचा चरण देत आणि आधीचे तीन कवीने रचायचे. सगळ्यात प्रसिद्ध समस्या म्हणजे

ठंठं ठठंठं ठठठं ठठं ठः

अर्थ शून्य. गोष्ट सांगतात ती भोज राजाच्या दरबारातली आणि पूर्ती करणारा कालिदास. (भोज अकराव्या शतकातला, कालिदास त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, तेव्हा गोष्ट म्हणूनच घ्यावी.) पूर्ती अशी, की राज्याभिषेकाच्या धामधुमीत एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. त्याचा आवाज कसा झाला? ठंठं ठठंठं. शेवटचा 'ठः' म्हणजे घडा तळाशी जाऊन थांबला.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे हा चरण निरर्थक असला तरी बेशिस्त नाही. लघु-गुरू लावून बघा: अकरा अक्षरं, गण त त ज ग ग, चोख इंद्रवज्रा वृत्त. देणाऱ्याने अर्थ काढून घेतला, पण लय हातात ठेवली. दुसरी म्हणजे कवीला *शेवट* दिला होता. आपण विषयाला सुरुवात समजतो आणि 'खिडकी' असं लिहून पुढे ढकलत नेतो. त्याला उलटं चालावं लागलं. असा आवाज कशाचा होईल, ती वस्तू कुणाच्या हातात असेल, ती का निसटेल? जुनी_वही, पुढच्या महिन्यात तुमच्या गटाला विषयाऐवजी शेवटची ओळ देऊन बघा.

---

काफियाबंद

समासातला_पक्षी यांनी माझ्या तोंडचा घास पळवला. गझलेत हेच तरहीच्या रूपात चालतं. एखाद्याचा मिसरा (शेराची एक ओळ) द्यायचा आणि त्याच जमिनीत, म्हणजे तेच वृत्त, तोच काफिया (यमक), तोच रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) सांभाळून, बाकीच्यांनी आपापली गझल लिहायची. दिलेल्या मिसऱ्याला आपला मिसरा जोडून शेर पुरा करणं म्हणजे गिरह लावणं. चांगली गिरह तीच, जिथे जोड दिसत नाही.

माझं वाचन त्यामुळे थोडं विचित्र आहे. जमीन मिळाली की आधी काफियांची यादी करतो. मग त्यातला एकेक शब्द घेऊन तो कुठे कुठे, कुणाच्या शेजारी बसलाय ते गद्यात शोधत फिरतो. गझला त्या काळात वाचतच नाही, कारण गझलेत काफिया आधीच बसवलेला असतो. गद्यात तो मोकळा हिंडत असतो. मागे असंच हिंडताना 'आयते' हा शब्द सापडला आणि त्याने शेर ओढून आणला:

वाचताना थांबलो होतो जिथे
पान ते दुमडून मी आलो पुढे

शब्द माझे वाटले होते मला
शोधले तर ते निघाले आयते

वृत्त गालगागा गालगागा गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). स्वरकाफिया आहे, म्हणजे नुसता शेवटचा स्वर जुळतो, जाणकारांनी नाक मुरडू नये. दुसऱ्या शेरात मला आधी काय म्हणायचं होतं माहितीये? काहीच नाही. 'आयते' आला आणि मग कळलं की मला हे वाटत होतं.

---

पहिली_ओळ

नमस्कार, मी नवीन आहे. चार-पाच महिनेच झाले लिहायला लागून. माझी अडचण नेमकी या दुसऱ्या शेरातलीच आहे. मी वाचलं की लगेच त्यांच्यासारखं लिहिते. मागच्या आठवड्यात एका कवीच्या ओळी वाचल्या आणि माझी कविता हुबेहूब त्यांच्या चालीत आली, शब्दही निम्मे त्यांचेच. लाज वाटून खोडली. आता लिहायचं असलं की वाचनच बंद ठेवते. हे चूक आहे का?

---

शब्दकोशवाली

पहिली_ओळ, अगं खोडायची कशाला! ती चोरी तेव्हा होईल जेव्हा तू ती स्वतःची म्हणून मिरवशील. वहीत राहिली तर तो रियाज.

मी उलट सांगते. आवडलेली कविता हाताने उतरवून काढ. छापलेली नुसती वाचताना डोळा घसरत पुढे जातो. लिहिताना हात अडतो, आणि तो अडतो तिथेच काहीतरी शिकायचं असतं. ओळ इथे का तोडली? पुढच्या ओळीत क्रियापद का नाही? अर्धविराम हवा तिथे काहीच का नाही? मग ती झाकून ठेव आणि नुसता सांगाडा घे: किती ओळी, वळण कितव्या ओळीत, शेवटी वस्तू आहे की विचार. त्या सांगाड्यात पूर्ण वेगळा विषय भर. त्यांची कविता नदीवर असेल तर तू शिवणयंत्रावर लिही. शब्द उसने घ्यायची सोयच उरत नाही.

आणि एकाच कवीला वाचत राहिलीस तर त्याचीच चाल लागणार. एका वेळी तिघांना वाच, एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्यांना.

आता मूळ प्रश्न. मी विषय मिळाला की शब्दकोश वाचते. हसू नका. एक शब्द शोधायचा नि मिटायचा असं नाही, शेजारपाजारची दोन पानं सलग वाचायची. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७) किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हाताशी असला की मला महिनाभर दुसरं काही लागत नाही. एकदा विषय होता 'प्रकाश'. आता प्रकाशावर काय लिहिणार कपाळ? अंधार, पणती, ज्ञान, संपलं. कोशात हिंडताना 'तिरीप' आणि 'कवडसा' हे दोन शब्द भेटले. दोन्ही रोजचेच, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. तिरीप म्हणजे तिरपं येणारं ऊन. कवडसा म्हणजे छिद्रातून आत येऊन जमिनीवर पडलेला तुकडा. एक वाटेवर आहे, दुसरा पोचलाय. कविता तिथेच सुरू झाली, आणि 'प्रकाश' हा शब्द तिच्यात एकदाही आला नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे. मोठा विषय आला की त्याचा धाकटा भाऊ शोधायचा. पाऊस आला तर पागोळी किंवा वळचण. प्रवास आला तर 'टप्पा' नाहीतर 'खोळंबा'. खिडकीची बिजागरी तुम्ही शोधलीतच की.

---

वाकडी_मान

वर शब्दकोशवालींनी जाता जाता जे सांगितलं तेच मी कसोटी म्हणून वापरतो. कविता झाली की विषयाचा शब्द तिच्यातून खोडा. कविता कोसळली तर ती त्या शब्दाच्या टेकूवरच उभी होती. उभी राहिली तर ठेवा.

(हो, मीही एका गटात महिन्याच्या विषयावर लिहितो. लोकांनी हसू नये म्हणून सांगितलं नव्हतं.)

---

खोडरबर

वाकडी मान सरळ झाली!

---

रिकामी_चौकट

मी हायकूवाला, म्हणजे तीन ओळींच्या जपानी घाटाच्या कविता लिहिणारा, त्यामुळे कमी बोलतो असं लोक समजतात. चुकीचं आहे.

जपानी परंपरेत महिन्याचा विषय बाहेरून द्यावाच लागत नाही, तो महिन्यातच असतो. त्याला किगो म्हणतात, ऋतू सुचवणारा शब्द. कुठला शब्द कुठल्या ऋतूचा हे सांगणारे जाडजूड कोश आहेत, साइजिकी, आणि त्यांत शब्दाबरोबर नमुन्याच्या कविताही असतात. म्हणजे विषय आणि वाचन एकाच पानावर. हायकूचं मूळच मुळी गटातलं आहे. अनेकांनी मिळून साखळीसारखी रचायची ती रेंगा, तिची पहिली कडी म्हणजे होक्कू, आणि तीच पुढे सुटी होऊन हायकू झाली. पाच-सात-पाच हा हिशोब जपानी ध्वनींचा. मराठीत शिरीष पै यांनी हायकू आणला आणि रुजवला, आणि आपल्याकडे अक्षरं मोजण्यापेक्षा तो क्षण पकडण्यावर जास्त भर राहिला.

पण मला सांगायचंय ते कापण्याबद्दल. हायकूत एक छेद असतो. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि मधला दुवा काढून टाकायचा. जुनी_वही, तुमच्या कवितेतला 'जणू म्हणते' हा तो दुवा आहे. तो काढा. प्रश्नही काढा. मग जे उरेल ते फार थोडं असेल, आणि तिथे पुन्हा त्या सुतारकामाच्या पुस्तकाकडे जा. बिजागरीबद्दल त्या पुस्तकाला असं काय ठाऊक आहे जे तुमच्या कवितेला ठाऊक नाही? कुरकुर तर पुस्तक न वाचणाऱ्यालाही ऐकू येते.

---

जुनी_वही

रिकामी_चौकट, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडतेय. पुस्तक परत उघडलं. बिजागरीला दोन पाती असतात, एक चौकटीला ठोकतात, एक झडपेला. आणि मधून एक सळई जाते. एवढंच लिहिलंय. मी पहिल्यांदा हे वाचलं होतं आणि ओलांडून 'कुरकुर'कडे गेले होते, कारण कुरकुर मला आधीच येत होती.

जरा वेळ द्या.

---

क्रियापदे_गोळा

मी या सगळ्यांपेक्षा आळशी आहे. वाचताना फक्त क्रियापदं टिपते. पुस्तक कुठलंही असो, पक्ष्यांची माहिती, यंत्राची माहितीपुस्तिका, प्रवासवर्णन, क्रिकेटचा वृत्तांत. वहीच्या पानावर एकाखाली एक: निथळणे, उसवणे, चुळबुळणे, पाझरणे, दडपणे, हेलकावणे, बुजणे, ओसरणे. कर्ता लिहायचाच नाही. महिन्याचा विषय आला की तो कर्ता म्हणून एकेका क्रियापदासमोर उभा करायचा. 'नदी' होता विषय, तर नदी वाहते, खळाळते, धावते हे सगळं वापरून गुळगुळीत झालेलं. यादीतून नदी उसवते, नदी बुजते, नदी चुळबुळते. तिसऱ्याला मी हातातला पेन्सिलचा तुकडा खाली ठेवला आणि पेन घेतलं.

क्रिकेटच्या वृत्तांतातून फार चांगली क्रियापदं मिळतात, हे कुणी सांगत नाही. शेअरबाजाराच्या बातम्यांतूनही. तिथे सगळं सतत घसरत, सावरत, उसळत असतं.

---

खोडरबर

'नदी चुळबुळते' मी ढापतोय, परवानगी गृहीत धरून. त्याचं कारण सांगतो.

फ्रान्समध्ये १९६० साली उलिपो नावाचा लेखक आणि गणितज्ञांचा गट निघाला. स्वतःवर मुद्दाम जाचक अटी घालून लिहायचं, हा त्यांचा उद्योग. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेकने तर 'ई' हे अक्षर, फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त येणारं, एकदाही न वापरता १९६९ साली अख्खी कादंबरी लिहिली. मला वाटलं मराठीत असं काय करता येईल? मग ठरवलं: काना बंद. 'आ' बंद. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, विनाकाना.

गंमत अशी झाली की पाऊस, चांदणं, आठवण, आसवं, सगळं सामान एका फटक्यात जप्त! आईपण गेली, बाबापण गेले. 'माझा' नाही, 'तुझा' नाही. 'मन' मात्र निसटलं, त्याला काना नाही. काही लोक कुठल्याही तपासणीतून सुटतात. तीन तास घासून चार ओळी आल्या:

दिवे विझले तरी
नदी चुळबुळते.
कुणीतरी पुस्तक
उघडेच ठेवून गेले.

हे मला अट नसती तर सुचलं असतं का? नसतं. मी 'आठवण' लिहून मोकळा झालो असतो. 'कुणीतरी पुस्तक उघडेच ठेवून गेले' ही ओळ केवळ 'आठवण' लिहिता येईना म्हणून आली आहे.

---

क्रियापदे_गोळा

परवानगी दिली. 'ठेवून'च्या जागी 'विसरून' नाही घेतलंत ते बरं केलंत. तेही विनाकाना बसलं असतं, आणि सगळं सांगून टाकलं असतं.

---

पानगळ

रोज लिहिणं की महिन्याला एक, याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अमेरिकेत १९९६ पासून एप्रिल हा कवितेचा महिना म्हणून पाळतात. मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने २००३ साली त्या महिन्यात रोज एक, तीस दिवसांत तीस कविता असा उपक्रम सुरू केला, आणि आता जगभर लोक तो करतात. रोजचा एक विषय मिळतो. मीही एका वर्षी केला. सत्तावीस कविता टाकाऊ निघाल्या. तीन बऱ्या, आणि त्या तिन्ही अशा दिवशीच्या होत्या जेव्हा मी सकाळी काहीतरी वाचलं होतं. बाकीचे दिवस मी स्वतःलाच उपसत होते, आणि विहीर दहाव्या दिवशीच खरवडायला लागली.

रोजच्या विषयाने हात मोकळा होतो, भीती जाते. नवशिक्याने एकदा करावाच. पण महिन्याचा वेग वेगळा आहे. त्यात विषय विसरायला वेळ मिळतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात मी विषय मनात टाकते आणि आपलं जे वाचन चालू आहे तेच चालू ठेवते. मुद्दाम त्याबद्दल वाचत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ज्या पुस्तकाचा विषयाशी काडीचा संबंध नाही त्यातलं एखादं वाक्य अचानक त्या विषयाबद्दलच लिहिल्यासारखं वाटायला लागतं. ते वाक्य टिपायचं आणि *लगेच पुस्तक मिटायचं*. पुढचं वाचलं तर लेखक ते वाक्य स्वतःच्या कामाला लावतो, आपल्याला मिळत नाही.

पुस्तकं अर्धवट राहतात. त्याला इलाज नाही.

---

शब्दकोशवाली

पुस्तक मिटायचं, हे अगदी! मी आजवर त्याला माझा अधाशीपणा समजत होते.

---

काफियाबंद

आणि मोठ्याने वाचणं राहिलं की. विषय कुठलाही असो, मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोज एक कविता मोठ्याने वाचतो, बहुतेक वेळा वृत्तातली. मजकूर कानात राहत नाही, ठोका राहतो. मुक्तछंद लिहिणाऱ्यांनी तर हे करावंच. मुक्त म्हणजे छंदापासून मुक्त, कानापासून नव्हे. (वाकडी_मान, हे सुभाषित वाटत असेल तर वाटू दे.)

---

वाकडी_मान

वाटलंच. कुठे कोरून ठेवू नका म्हणजे झालं.

---

जुनी_वही

आणली. तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा शेवटी प्रश्न यायचाच, सवयीने. चौथ्या वेळी पेन उचलून बाजूला ठेवलं तेव्हा थांबला.

एक पातं चौकटीला,
एक पातं झडपेला.
मधली सळई
कुठेच जात नाही.
तू बाहेर बघतेस
तेव्हाही.

'खिडकी' शब्द आपोआप गेला. मुद्दाम काढला नाही, त्याला जागाच उरली नव्हती.

---

रिकामी_चौकट

'तेव्हाही' काढलं तर?

---

जुनी_वही

नाही काढणार. त्याशिवाय ती बाई खिडकीत नुसती उभी राहते. 'तेव्हाही' आला की ती कुठे जाऊ शकत नाहीये ते कळतं.

---

रिकामी_चौकट

हट्ट मान्य. मी काढला असता, पण मग ती माझी कविता झाली असती.

---

समासातला_पक्षी

पहिल्या दोन ओळी कशा सरळ सांगितल्यात, जोडणी शिकवल्यासारख्या! तिथे काव्य करायचा मोह झाला नाही हे विशेष. पुढच्या महिन्याचा विषय कोण देतंय?

---

जुनी_वही

माझीच पाळी आहे. तुमचं ऐकून शेवटची ओळ द्यावी म्हणते. गटात विचारलं तर दोघं नाराज, त्यांना शब्दच हवा. मग मध्य काढलाय. विषय 'कोरं पान', पण अट अशी, की छंदात लिहायचं आणि 'कविता' हा शब्द आला तर बाद. कुठला छंद ते ज्याचं त्याने ठरवावं. कोऱ्या पानावर कविता लिहिणाऱ्यांनी कोरं पान, शाई, लेखणी करत स्वतःचंच कौतुक सुरू केलं की मला कसंतरी होतं, ते टळावं म्हणून शब्द बंद केला. इथल्या कुणालाही लिहायचं असेल तर लिहा.

---

पहिली_ओळ

शब्दकोशवाली ताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. एक अभंग हाताने उतरवला, बोटांवर अक्षरं मोजली. सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. मग झाकून ठेवला आणि सांगाड्यात माझं भरलं. एकच कडवं झालंय. बरोबर आहे का मोजमाप?

कोऱ्या पानापाशी
बसले मी मुकी
शब्दांचीच चुकी
म्हणू कशी

---

शब्दकोशवाली

मोजलं. चोख आहे. आणि ज्याचा अभंग उतरवलास त्याचा एकही शब्द यात दिसत नाही, शोधून बघितलं.

---

काफियाबंद

मुकी-चुकी झालं, आता पुढच्या कडव्यात 'टाकी'कडे वळू नका, गाडी भलतीकडे जाईल. दुसरं कडवं लिहाच पण.

---

वाकडी_मान

'म्हणू कशी'च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलं नाहीत. आभारी आहे.